‘गारी’ वाचली म्हणून गुण कापू नका : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

प्रकट वाचनाच्या चाचणीत मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द मोजतात. नवी मुंबईतल्या दिवाळे, करावे, घणसोली इथल्या आगरी-कोळी घरातलं मूल ‘गाडी’ला ‘गारी’, ‘पाणी’ला ‘पानी’ वाचतं. परीक्षक तेवढे शब्द कापतो आणि वाचता येणारं मूल कच्चं ठरतं.

हे गबाळं बोलणं नव्हे, त्याला नियम आहे. आगरीत दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘र’ होतो, शब्दाच्या सुरुवातीचा ‘ड’ तसाच राहतो. म्हणून ‘घोरा’ म्हणणारं मूल डोळ्याला ‘डोला’ म्हणतं, ‘रोला’ कधीच म्हणत नाही.

तसं पाहिलं तर छापलंय तसं कुणीच वाचत नाही. पुस्तकात ‘त्याने सांगितले’ असतं, ठाण्याच्या नौपाड्यातलं, प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरातलं मूल ‘त्यानं सांगितलं’ वाचून मोकळं होतं. तिथे लाल पेन उचललं जात नाही. कोणता उच्चार हलका, हे बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून ठरतं. न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी शब्दातला स्वरानंतरचा ‘र’ गाळणं खालच्या वर्गाची खूण मानतात, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली तिथल्या दुकानांत तपासून दाखवलं, इंग्लंडात तोच गाळलेला ‘र’ प्रतिष्ठेचा.

बोली कोणती आणि चूक कोणती, हे ओळखणं अवघड नाही. बाळ, माळ, फळ, शाळा, काळा असे पाच शब्द वाचून घ्यावेत. पाचही ठिकाणी ‘ळ’चा ‘ल’ झाला तर ती बोली. एकदा ‘ल’, एकदा ‘क’, एकदा नुसतंच अडखळणं, तर अक्षरच ओळखीचं नाही; तिथे खुशाल चूक धरावी. शंका उरलीच तर चित्रं पुढे ठेवावीत. ‘वाडा’ हा शब्द ‘वारा’ असा वाचूनही बोट घरावर गेलं, म्हणजे वाचन झालं.

लेखनात मात्र सूट नको. वेल-वेळ, मन-मण या जोड्या श्रुतलेखनात सुट्या न देता वाक्यात द्याव्यात, म्हणजे अर्थावरून अक्षर ठरतं. वाचताना सारखं टोकलं की उलटंच होतं : मूल नको तिथे ‘ण’ घालतं, ‘मन’चं ‘मण’ करतं, आणि पुढे तोंडच उघडत नाही.

आमची मागणी एका ओळीची आहे. ‘बोलीतील नियमित उच्चारभेद वाचनदोष धरू नये’ ही सूचना चाचणीच्या पत्रकात छापावी, आणि ठाण्याच्या डाएटकडून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून) अशा उच्चारांचा तक्ता करून तो परीक्षकांना चाचणीआधी द्यावा. तक्ता करताना गावठाणातल्या शाळांचे शिक्षक सोबत घ्यावेत.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील भाषाशिक्षक