भाऊ, पेजमेकर पुन्हा सुरू झालं!

प्रिय भाऊ,

सा. न. वि. वि.

नाव लिहू नका, असं तुम्ही बजावलंय. "नाहीतर अख्खं इतवारी जुने डबे घेऊन माझ्या दारात येते, ताई." म्हणून नुसतं भाऊ, आमचे संगणक जुळवून देणारे. पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. नागपूरच्या महाल-इतवारीत माझ्यासारखे डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पुस्तकं-पत्रिकांची पानं लावणारे, अजून आहेत, ज्यांची वीस वर्षांची कामं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींमध्ये पडून आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू द्या.

आमचा जुना पेंटियम फोर संगणक मरणपंथाला लागला होता. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. सकाळच्या गारव्यात जेमतेम चालायचा, ऊन चढलं की अडकायचा. आणि नेमकी तेव्हाच एका जुन्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती हातात आली. फाइल पेजमेकर ७ मधली. ते सॉफ्टवेअर २००१ चं, त्याच्यापुढे आवृत्तीच निघाली नाही. त्याच कंपनीच्या इनडिझाइनमध्ये सीएस६ आवृत्तीपर्यंत त्या फायली उघडायच्या, नंतरच्या इनडिझाइनने तेही बंद केलं. त्यात फॉन्ट युनिकोडच्या आधीचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली अक्षरं बसवलेली. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरने ते सगळं जागेवर आणलं तरी ओळी सरकतात, ओळींमागे पानं सरकतात, आणि शेवटच्या सूचीतले पृष्ठक्रमांक खोटे पडतात. वर फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते उघडत नाही ती किल्ली, प्रिंटर पोर्टवर लागतो, आणि ते चालतं फक्त विंडोज एक्सपीवर, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला संपवला.

एका दुकानात नवा संगणक घ्या म्हणाले. दुसरीकडे हसले. तुम्ही म्हणालात, "यावर काम काय करून राहिले तुम्ही, ते दाखवा आधी." आणि स्टूल ओढून बसलात.

मग तुम्ही इंटेल प्रोसेसरच्या तिसऱ्या पिढीवर बोट ठेवलंत, कारण त्यानंतरच्या पिढीच्या ग्राफिक्सला एक्सपीचा ड्रायव्हर इंटेलने दिलाच नाही. सेकंडहँड बी७५ मदरबोर्ड शोधलात. मागे प्रिंटर पोर्ट दिसेना म्हणून माझा चेहरा पडला, तर तुम्ही बोर्डवरच्या पिनांची एक दुहेरी रांग दाखवलीत: एलपीटी हेडर. त्याला ब्रॅकेटची केबल लावली की पंचवीस छिद्रांचा पोर्ट मागे हजर. प्रिंटर पोर्टसाठी वेगळं पीसीआय कार्ड का नको, हेही तुम्ही समजावलंत. जुन्या डोंगलचा ड्रायव्हर ३७८ या पत्त्यावरच पोर्ट शोधतो, आणि कार्डाला पत्ता भलताच मिळतो. हे कळलं नसतं तर मी कार्डांवर पैसे घालवत बसले असते.

एक्सपीची मूळ सीडी आमच्याकडे होती, पण त्या सीडीला एएचसीआय, म्हणजे डिस्कशी बोलायची नवी पद्धत, माहीतच नाही. थेट टाकली की निळा पडदा आणि शेवटी ७बी हा एरर. एकेकाळी यावर फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा उपाय होता. आता फ्लॉपी कुठून आणणार? तुम्ही एनलाइट या प्रोग्रामने ड्रायव्हर सीडीतच मिसळून नवी सीडी केलीत. एसएसडीचं विभाजन दुसऱ्या मशीनवर आधीच करून आणलंत, १ एमबीपासून सुरू होणारं, कारण एक्सपी आपल्या मनाने ६३व्या सेक्टरपासून सुरू करतं आणि मग प्रत्येक लिखाण दोन कप्प्यांच्या सीमेवर पडतं. एक्सपीला ट्रिमही, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवणं, येत नाही, म्हणून डिस्कचा बराच भाग रिकामा सोडलात. रॅम ४ जीबीच घातली. ३२ बिटवाल्या एक्सपीला त्यातली ३ च्या थोडी वर दिसते. नेटची केबल लावायची नाही, पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासायचा, हे कॅबिनेटवरच चिकटवून ठेवलंत.

पण माझे खरे आभार मोजमापासाठी आहेत. सुपर पाय या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने पायची (π) दहा लाख दशांश स्थळं काढायला जुन्या डब्याला पाऊण मिनिट लागायचं, नव्याने दहा-अकरा सेकंदांत संपवलं. मी खूश! तुम्ही म्हणालात, "ताई, पायने लग्नपत्रिका छापून निघत नाही." मग आमच्याच पुस्तकाची पीडीएफ दोन्ही मशीनवर पुन्हा पुन्हा काढलीत, आणि दर वेळी पहिला आकडा टाकून दिलात. पहिल्यांदा फाइल डिस्कवरून येते, नंतर ती आधीच रॅममध्ये असते. टास्क मॅनेजर उघडून दाखवलंत, प्रोसेसरचा काटा २५ टक्क्यांवर अडलेला: पेजमेकर चारपैकी एकाच धाग्यावर (थ्रेडवर) राबतं, बाकीचे बसून बघतात.

आणि मग तुम्ही ते केलंत जे विकणारा माणूस करत नाही. मला आय५-३४७० प्रोसेसर द्यायचं ठरलं होतं. तुम्ही घरचा आय३-३२२० आणून त्याच बोर्डावर लावलात आणि पुन्हा मोजलंत. पीडीएफमध्ये फरक किरकोळ. "हाच घ्या. तो ७७ वॅटचा, हा ५५ चा. मे महिन्यात हा कमी तापेल." स्वस्तातला प्रोसेसर तुम्ही मला आकडे दाखवून विकलात!

तापण्याची परीक्षाही तुम्ही नागपुरी घेतलीत. पारा पंचेचाळीसवर, भर दुपार, कूलर मुद्दाम बंद, आणि प्रोसेसरला पूर्ण राबवणारा प्राइम९५ प्रोग्राम सुरू. मशीन टिकलं. नंतर कूलर लावल्यावर कॅबिनेट त्याच्या झोतातून बाजूला सरकवायला लावलंत. खसाची ओली हवा आणि महालातली धूळ मिळून बोर्डावर चिखल होतो म्हणून. हे मला कुठल्याही दुकानात कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या हाताने लिहिलेल्या कागदावर फायदा न झालेल्या गोष्टीही आहेत. पेनड्राइव्हवर कॉपी: सारखंच. लेझर प्रिंटरवर पान निघणं: सारखंच. पीडीएफपुढे मात्र लिहिलंय, "पाचपट". आणि खाली एक ओळ: "हे मशीन जुन्या फायलींसाठी. नवीन काम युनिकोडमध्येच." ऐकतेय, भाऊ. नवी कामं मी दुसऱ्या मशीनवर सुरू केली आहेत. जुन्यातली एकेक फाइलही फावल्या वेळात उतरवतेय, वेलांट्या तपासत.

दुसरी आवृत्ती छापून झाली, सूचीसकट. पानाला पान जुळलं. तुमची प्रत काढून ठेवली आहे. केबलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते पाकीट प्रतीतच आहे. परत द्यायचं नाही. आणि एलपीटी हेडरवाला आणखी एखादा बोर्ड नजरेस पडला, तर माझ्यासाठी बाजूला ठेवा. हा जाईल तेव्हा शोधत बसायला नको.

तुमची,
महालातली डीटीपीवाली ताई