हिरव्या ठिपक्यासारखी साखर-मिठाचीही खूण हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाकीटबंद खाण्यावर टीका करणारे लेख आपल्या दैनिकात वरचेवर येतात. लिहिणारे बहुधा डॉक्टर नाहीतर आहारतज्ज्ञ असतात, आणि लेखाच्या शेवटी 'लेबल वाचूनच खरेदी करा' हा सल्ला ठरलेला असतो. तो माल ज्यांच्या हातून गिऱ्हाइकाकडे जातो, त्यांना मात्र कुणी विचारत नाही. कोरेगावात आमचे किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी घातले, आता गल्ल्यावर मी बसते.

सल्ला देणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी दुकानात येऊन उभे राहावे. एकीकडे सुटी साखर तोलायची, दुसरीकडे फोनपेचा आवाज ऐकायचा, तेवढ्यात पोरे वर टांगलेल्या माळेतून पाच रुपयांचा पुडा ओढतात. कोण कशाला उलटे करून बघतोय? फार तर तारीख बघतात. आणि उलटे केले तरी चकचकीत कागदावर मुंगीएवढे अक्षर, तेही इंग्रजीत. नियमाप्रमाणे लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की भागते. मराठी घातली तर चालते, सक्ती नाही. जाहिरातीत मराठी बोलणाऱ्या कंपन्यांना घटक सांगायची वेळ आली की मराठी आठवत नाही.

परवाच आमच्या आळीतल्या एक आजी आल्या. "शुगर निघालीय गं, डॉक्टरनं गोड बंद केलंय. ती गव्हाची बिस्किटं दे, सून आणते ती." पुड्याचा रंग मातकट, वर गव्हाच्या लोंब्या, मोठ्या अक्षरात फायबरचे कौतुक. मी चष्मा लावून मागची बाजू वाचून दाखवली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिले. पहिला होता मैदा, मग पामतेल, मग साखर. ज्याची लोंबी वर छापली ते गव्हाचे पीठ त्याच्याही मागे. खाली पुन्हा इन्व्हर्ट सिरप. तीही साखरच, पण वेगळ्या नावाने मांडली की यादीत मागे जाते. शंभर ग्रॅमला साखर 18 ग्रॅम. आजी चहाबरोबर चार-पाच सहज खातात, म्हणजे जवळजवळ दोन चमचे साखर. चहात मात्र त्या साखर घालत नाहीत! फायबरचा दावा खोटा नव्हता. शंभर ग्रॅममध्ये 3 ग्रॅम असले की तसे छापता येते. कायदा मोडलेला नाही, पण आजींना कळायचे ते कळले नाही.

नावातच 'नॅचरल', 'रिअल', 'प्युअर' असे शब्द असले, आणि त्याने गिऱ्हाइकाची फसगत होण्यासारखी असली, तर हे फक्त ब्रँडचे नाव आहे, मालाचे खरे स्वरूप सांगत नाही, असे पुड्यावर लिहावे लागते. 2018च्या नियमात ते आहे. नाव मोठ्या अक्षरात मिरवायचे आणि ते खरे धरू नका हे बारीक अक्षरात सांगायचे. असला व्यवहार आम्ही उधारीच्या वहीत केला तर गावात तोंड दाखवता येणार नाही.

मिठाचे तर विचारूच नका. पुड्यावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते, हे किती जणांना ठाऊक आहे? आमच्याकडे खपणाऱ्या एका नूडल्सच्या छोट्या पुड्यात साधारण 800 मिलिग्रॅम सोडियम आहे. म्हणजे 2 ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे शाळेतून आलेले पोर एका बैठकीत त्यातले 2 ग्रॅम संपवते, वर लोणचेही मागते.

दुकानात कंपनीने दिलेला फ्रीजर आहे. त्यातले कप सगळे 'आईस्क्रीम' म्हणून मागतात. बऱ्याच कपांवर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेले असते, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. विकायला परवानगी आहे, मी विकतेही. एप्रिल 2024मध्ये सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले, की दुधात घालायच्या गोड पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका. असा प्रकार अन्नकायद्यात नाहीच. चांगले झाले. माझ्याकडे आया अजूनही 'उंची वाढायची पावडर' मागतात, कारण त्यांनी टीव्हीवर तेच ऐकले आहे.

'मग तुम्ही विकताच कशाला?' असे शिकलेली गिऱ्हाइके ऐकवतात. मी फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, भडंग ठेवते. फुटाण्याची जाहिरात कुणी करत नाही, त्यावर स्कीम नसते आणि त्यासाठी कुणी पोर रडत नाही. वेफर्सची माळ काढली तर पोर शेजारच्या दुकानात जाईल आणि त्याच्या आईचे महिन्याचे वाण्याचे सामानही तिकडे जाईल. सुटे म्हणजे चांगलेच, असेही मी म्हणणार नाही. सुट्या फरसाणावर लेबलच नाही; तेल कितव्यांदा तापले ते तळणाऱ्यालाच माहीत.

आमच्या गिऱ्हाइकांना एक खूण मात्र पक्की कळते, ती म्हणजे हिरवा ठिपका. ज्यांना सहीसुद्धा येत नाही अशा माळकरी बायकाही आधी तो ठिपका शोधतात, मगच पुडा पिशवीत टाकतात. त्यांना कुणी वर्ग घेऊन शिकवलेले नाही. साखर, मीठ, तेल जास्त असेल तर तशीच ठसठशीत खूण दर्शनी बाजूला का नको? चिली देशाने 2016पासून पुड्यांवर काळ्या अष्टकोनी खुणा सक्तीच्या केल्या. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2022च्या मसुद्यात अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे सुचवले; पदार्थ आरोग्याला जितका बरा तितके तारे जास्त. माझा ताऱ्यांना विरोध आहे. तारा दिसला की माणसाला बक्षीसच वाटते. दीड तारा मिळालेले वेफर्ससुद्धा 'तारा आहे की' म्हणून खपतील. एप्रिल 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला दर्शनी बाजूच्या लेबलबद्दल तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितले होते. माझ्या फळीवरच्या एकाही पुड्यावर इशाऱ्याची खूण अजून आलेली नाही.

मागणी तीनच गोष्टींची आहे. दर्शनी बाजूला इशाऱ्याची खूण, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालाचे घटक मराठीत, वाचता येतील एवढ्या अक्षरात. तिसरी म्हणजे, साखर-मिठाचा आकडा शंभर ग्रॅमवर न ठेवता पूर्ण पुड्याचा द्यावा, कारण पोर पूर्ण पुडा खाते.

छापलेले रॅपर वाया जातील, वेळ लागेल, असे कंपन्या म्हणतील. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचे वजन गेल्या काही वर्षांत कितीदा घटले, ते आम्ही दुकानदारांनी पाहिले आहे. दर वेळी नवे वजन छापलेले रॅपर वेळेत हजर होते. तरीही जुना माल संपवायला सहा महिने द्यावेत. माळेवरचा माल माझ्याकडे महिनाभरसुद्धा टिकत नाही.

आपली,
एक किराणा दुकानदार,
कोरेगाव, जि. सातारा