एकाच झाडाकडे बघणारी मुलं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "चार मुलांत सोड त्याला, आपोआप शिकेल." मी विषय बदलला, कारण तुमचा नातू शेजारीच बसला होता. नजर कुठेही असली तरी स्वतःबद्दल बोललेलं त्याला सगळं ऐकू येतं आणि कळतंही. म्हणून हे पत्र.

बाबा, तो ऑटिस्टिक आहे, म्हणजे माणसांचं वागणं-बोलणं आणि आवाज-गलका त्याचा मेंदू वेगळ्या पद्धतीने घेतो. आपोआप शिकणंच तर त्याला जमत नाही. आता पाळी कोणाची, कोण गंमत करतंय आणि कोण खरंच चिडलंय, मघाचा नियम अचानक कसा बदलला, हे बाकीची मुलं खेळता खेळता उचलतात. त्याला कोणी उघड सांगितलं तर तो ते पाळतो, बहुधा इतरांपेक्षा काटेकोरपणे. पण गलक्यात ते सांगायला थांबणार कोण? मैदानाच्या कडेला कान झाकून उभा राहिला की लोक म्हणतात, याला एकटंच राहायला आवडतं. त्याला यायचं असतं हो. आत शिरायचं कुठून, ते कळत नसतं.

आणि न कळण्याचा सगळा दोष त्याच्या पदरात टाकणं मला पटत नाही. डेमियन मिल्टन नावाचे एक समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी 2012 साली मांडलं की ही अडचण दुहेरी आहे: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही, तसंच इतरांनाही त्याचं येत नाही. पुढे 2020 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा. एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत न्यायची. सगळी ऑटिस्टिक मोठी माणसं असलेल्या रांगेत गोष्ट तेवढीच टिकली, जेवढी सगळ्या बिगर-ऑटिस्टिक माणसांच्या रांगेत. दोन्ही प्रकारची माणसं मिसळलेल्या रांगेत मात्र ती जास्त गळत गेली. हे वाचल्यापासून "त्याला संवाद जमत नाही" असं कोणी म्हणालं की माझ्या मनात येतं, कोणाशी?

आम्ही आता मित्र शोधत नाही, काम शोधतो. असं काम, जे त्याला आवडतं आणि जिथे त्याच्या असण्याचा इतरांना उपयोग होतो. याआधी एका वर्गाने त्याला मोठ्या मनाने प्रवेश दिला होता, कौतुकाने फोटोही काढले. पण तास चालू असताना तो कोपऱ्यात कागद चुरगळत बसायचा आणि "बसू दे की, काही त्रास नाही त्याचा" असं आम्हाला सांगितलं जायचं. त्रास नाही, हे स्वागत असतं का? तिथून आम्ही त्याला काढला.

आता तो पक्षी पाहणाऱ्यांच्या एका गटात जातो. हा गट त्याला इतका का मानवला, याचा मी बराच विचार केला. इथे कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही, सगळे झाडाकडे बघतात. शांत राहणं हा नियमच, त्यामुळे न बोलणारा मुलगा विचित्र ठरत नाही. बोलायचंच झालं तर पक्ष्यांबद्दल, आणि त्या विषयावर आमच्या चिरंजीवांना आवरावं लागतं. वार तोच, वेळ तीच, यादी पूर्ण झाली की घरी. शेवट कधी होणार हे आधीच माहीत असलं की त्याचा निम्मा ताण उतरतो. ही यादी पुढे ई-बर्डवर जाते. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन संस्था यांनी 2002 साली सुरू केलेली ही इंटरनेटवरची नोंदवही आहे आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्यात भरलेल्या नोंदी संशोधक वापरतात. तिथे अंदाजापेक्षा नीट मोजलेला आकडा बरा. एखादे काका "पंधरा-वीस असतील" म्हणाले की हा "सतरा" म्हणतो. दुसरीकडे याला उद्धटपणा म्हणतात. हे काका वही पुढे करतात.

अर्थात गट सापडला आणि सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. आधी आम्ही कोणी नसताना ती जागा नुसती बघून आलो. फोटो काढले आणि कुठे उभं राहायचं, स्वच्छतागृह कुठे, दमलं तर कुठे बसायचं, हे क्रमाने चिकटवून त्याला दिलं. गट चालवणाऱ्या बाईंना एक पानभर लिहून दिलं: आनंद झाला की तो हात फडफडवतो, थांबवू नका, प्रश्न विचारलात तर उत्तराला वेळ लागेल, तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत लगेच विचारू नका, अचानक मोठा आवाज झाला तर हेडफोन त्याच्या पिशवीत आहेत. आजाराचा इतिहास वगैरे एक ओळही नाही. सुरुवातीला तो दमायच्या आधीच निघायचो, म्हणजे आठवण चांगली राहायची. मीही आधी त्याला चिकटून, मग जरा मागे, आता लांब झाडाखाली पुस्तक घेऊन. (पुस्तक उघडं असतं. वाचत नाही मी.)

तर आई, तुझा प्रश्न, मित्र झाला का. एक मुलगी आहे, त्याच्याहून मोठी. तिला फक्त घरट्यांत रस. दोघं शेजारी उभी राहतात आणि फार बोलत नाहीत. मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने 1932 साली मुलांच्या खेळाचे प्रकार लिहून ठेवले, त्यात शेजारी-शेजारी पण आपापलं खेळणं हा लहान वयातला प्रकार मानलाय, म्हणून काही जण मला सांगतात की त्याने आता त्यापुढे जायला हवं. तुम्ही दोघं संध्याकाळी अक्षरही न बोलता तासभर बसता, तुम्हाला कोणी पुढे जायला सांगत नाही! ती मधूनच घरट्याचा फोटो पाठवते, ना नमस्कार ना चमत्कार. हा उत्तरादाखल पक्ष्याचं नाव पाठवतो. त्यांचं झकास चाललंय.

एक काळजी मात्र आहेच. शाळेतला एक मुलगा त्याच्याकडून काहीबाही वाक्यं वदवून घ्यायचा आणि बाकीचे हसायचे. याला वाटायचं, मला बोलावतात, म्हणजे मित्र. म्हणून याच्यासाठी आता एक सरळ कसोटी केली आहे: आपण 'नको' म्हटल्यावर जो थांबतो तो मित्र. तो ती सगळ्यांना लावतो, मलाही.

आणि आई, "तुमची लेक नोकरी करते म्हणून तो असा" असं कोणी तुला सुचवलं तर मनावर घेऊ नकोस. थंड वागणाऱ्या आयांमुळे ऑटिझम होतो, असं एके काळी डॉक्टरच म्हणायचे. बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्येच त्यावर अख्खं पुस्तक लिहून ते खोडून काढलं. त्यांचा मुलगाही ऑटिस्टिक होता.

तुम्ही याल तेव्हा त्याला जवळ ओढू नका, मिठी त्याची तो येऊन मारेल किंवा नाही मारणार. "ओळखलंस का मला?" हेही नको, ओळखतो तो. बाबा, तुम्ही आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्यात, तुमचं अक्षर सुरेख आहे. गटात नोंदी लिहायला माणूस हवाय. त्याने मोजायचं, तुम्ही लिहायचं. गप्पा मारायचं बंधन दोघांवरही नाही.

तब्येतीला जपा.

तुमची लेक

ता. क. गाडीची वेळ बदलली तर लगेच कळवा. तुम्ही पोहोचण्याची वेळ त्याने वहीत लिहून ठेवली आहे. बदल आदल्या दिवशी कळला तर तो खोडून नवी लिहितो. ऐन वेळी कळला तर तो दिवस आमच्या सगळ्यांचाच जड जातो.