दप्तर त्याचं त्यालाच भरू दे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

बंटी रोज काही ना काही विसरतो आणि तू ऑफिसला जाता जाता ते शाळेच्या गेटवर पोचवतेस, असं फोनवर म्हणालीस. विसरण्यात त्याचं काहीच बिघडत नाही, उशीर तुला होतो. म्हणून तो विसरतो. पोराची स्मरणशक्ती उत्तम आहे. क्रिकेटचे स्कोअर सगळे पाठ असतात ना?

जूनमध्ये तो चौथीत जाईल. हे वय सोयीचं, कारण चुकीची किंमत एखाद्या शेऱ्याएवढी किंवा एका मधल्या सुट्टीएवढी असते. नववी-दहावीत तीच चूक महाग पडते.

सुरुवात फक्त दप्तरापासून कर. डबा, पाणी, गृहपाठ, सायकलची किल्ली असं सगळं एकदम सोपवलंस तर आठवड्यात तूच कंटाळशील. पहिले 7 दिवस रात्री जेवण झालं की त्याच्याजवळ बस. सकाळच्या घाईत हे जमत नाही. वेळापत्रक त्याच्याच हातानं मोठ्या अक्षरात लिहून दप्तराच्या खुंटीशेजारी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटव. पहिल्या रात्री दप्तर पूर्ण उपडं करायला लाव. तळाशी चुरगळलेल्या सूचना, पेन्सिलींचे तुकडे, कदाचित एखादं काळं पडलेलं केळंही निघेल. मग एकेक तास वाचायचा आणि त्याची वही-पुस्तक आत टाकायचं. कंपास उघडूनच बघायचा, कारण पेटी असते पण आत खोडरबर आणि पट्टी नसते. चेन लावली की दप्तर दाराजवळ. तू हात लावायचा नाहीस. अडला तर ‘पुढचा तास कुठला?’ एवढंच विचार. हा आठवडा गाळू नकोस. जे करायला शिकवलंच नाही त्याचे परिणाम भोगायला लावणं हा निव्वळ छळ होतो.

मग रविवारी, कुणी चिडलेलं नसताना सांग: ‘उद्यापासून दप्तर तुझं. काही राहिलं तर मी शाळेत आणून देणार नाही.’ एकदाच. सोमवारी सकाळी ‘कंपास घेतलास का?’ विचारलंस की दप्तर पुन्हा तुझं झालं.

वर्गशिक्षिकेला मात्र आधी कळव, नाहीतर घरी कुणाचं लक्ष नाही असा त्यांचा समज होईल. वही नाही म्हणून शेरा मिळाला किंवा सुट्टीत बसून लिहावं लागलं तर लागू दे. मारणं, सगळ्यांसमोर अपमान करणं हे त्यात बसत नाही. शिक्षणहक्क कायदा 2009च्या कलम 17नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. तसं काही कानावर आलं तर हे सगळं बाजूला ठेवून थेट शाळेशी बोल.

दप्तराची घडी बसली की डबा. सकाळी पोहे-दूध पोटभर खाऊन गेलेल्या धडधाकट मुलाला एक मधली सुट्टी डब्याविना गेली तर काही होत नाही, दोन घास मित्र देतातच. (मधुमेह असलेलं किंवा नुकतंच आजारातून उठलेलं मूल असेल तर हा प्रकार अजिबात नको.) घरी आला की ‘भूक लागली असेल, बस’ म्हणून ताट वाढ. ‘बघ, सांगितलं होतं ना!’ हे वाक्य गिळून टाक. ते उच्चारलंस की त्याचं लक्ष भुकेवरून उडून तुझ्यावर जातं आणि राग स्वतःच्या विसरण्याचा न येता आईचा येतो. माझ्या मते यातला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि तो मुलाच्या वाट्याचा नाही.

चुकीच्या परिणामांतूनच मुलाला शिकू द्यायचं, हा विचार काही आजचा नाही. ज्या इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा आपल्या आगरकरांवर प्रभाव होता, त्यानं शिक्षणावरच्या 1861च्या पुस्तकात तो मांडला होता. पुढे मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी एक उपयोगी फरक दाखवला: काही परिणाम आपोआप होतात, काही आपण जोडून द्यावे लागतात. डबा विसरला, भूक लागली, हा पहिला प्रकार. शेजाऱ्यांची काच बॉलनं फुटली तर दुसरा. त्यानं स्वतः जाऊन सांगायचं, तू फार तर जिन्यात उभी राहा. खाऊचे आठवड्याला 50 रुपये देत असशील तर 20 कापायचे, जास्तीत जास्त 5-6 आठवडे; उरलेलं तुम्ही भरा. सगळेच कापलेस तर हिशेब शिकायला हातात काही उरत नाही. आणि काच फुटली म्हणून टीव्ही बंद करू नकोस. टीव्हीचा काचेशी काय संबंध?

रस्ता, गॅस, विजेचा प्लग, खोल पाणी इथे ‘कळेल आपोआप’ चालत नाही हे उघड आहे. दातांचंही तेच. कीड लागायला बरेच महिने जातात आणि गेलेलं कवच परत येत नाही, म्हणून ब्रश हातात द्यायचाच. मांजराला पाणी ठेवायचं विसरला तर तहान मांजराला लागते, तेव्हा तिथेही आठवण करायची.

पहिले दोन-तीन आठवडे प्रकार वाढेल. शाळेच्या ऑफिसातून फोन करेल, रडेल, ‘तुझ्यामुळे बाई ओरडल्या’ म्हणेल. आजवर जे चालत होतं तेच तो जास्त जोर लावून करून बघणार. त्यात एकदा जरी वही पोचवलीस तरी त्याला कळेल की जरा जास्त रडावं लागतं, बाकी सगळं पूर्वीसारखंच आहे. म्हणून घटक चाचणीच्या किंवा पाहुण्यांच्या आठवड्यात सुरू करूच नकोस.

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री साडेनऊला ‘उद्या गणिताचं काय आणायचंय?’ विचारणंही आता बंद. त्याला हवं असेल तर आठच्या आत तो मित्राला फोन करेल.

आणि तुझे सासरे. तू डबा नेणार नाहीस म्हटल्यावर ते स्कूटर काढतीलच, नातवासाठी भर पावसातही. त्यांना रात्री दप्तर भरताना जवळ बसायचं काम दे, आवडेल त्यांना. डबा पोचवायचा नाही हे मात्र तू सांगू नकोस, जावईबापूंना सांगू दे.

तुझी,
आई