घर शिकागोतच घेतेय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, शहराबाहेरच्या नेपरव्हिलमधल्या घराला नाही म्हटलं तेव्हापासून तू फोनवर धड बोलत नाहीस. तिथं आपली मराठी माणसं आहेत, ऑरोराचं बालाजी मंदिर जवळ, शाळा चांगल्या, सगळं खरं. पण मी शिकागो महापालिकेची नोकर. पालिकेत काम करायचं तर राहायचं शहराच्या हद्दीतच, असा इथं नियम आहे. कागदावरचा पत्ता चालत नाही. बाहेर राहताना सापडलं तर नोकरी जाते.

बाबा, तुम्ही विचारलंत, कोर्टात टिकतं का असलं? टिकलंय. फिलाडेल्फियाच्या अग्निशमन दलातला एक जवान 16 वर्षांच्या नोकरीनंतर न्यू जर्सीत राहायला गेला आणि त्याला कामावरून काढलं. 1976 साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला तो शहराच्या बाजूनं. आमच्या शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यानं मात्र 2013 मध्ये कायदा करून ही सक्ती बरीचशी काढून टाकली. शिकागोतले कितीतरी पोलीस आणि फायरवाले माउंट ग्रीनवूड, एडिसन पार्क अशा अगदी वेशीवरच्या भागांत राहतात. मलाही सुरुवातीला जाचच वाटायचा.

आता नाही वाटत. मी पाण्याचे नमुने तपासते. या शहरात 1986 पर्यंत रस्त्याखालच्या लाइनीपासून घरापर्यंत शिशाचाच पाइप टाकायचा नियम होता. तसे सुमारे 4 लाख पाइप अजून जमिनीत आहेत. घर बघायला गेले तेव्हा तळघरात उतरून भिंतीतून येणारा करडा पाइप किल्लीनं खरवडला. आत चांदीसारखा चकाकला. शिसंच.

तरी घेतेय. बाबा, पाणी आलं नाही की लोक आपल्या दारात यायचे, तुम्ही ताटावरून उठून व्हॉल्व्हची चावी सायकलला बांधून निघायचात. आपल्याही घागरी पालथ्या पडलेल्या त्यांना दिसायच्या, म्हणून कुणाचा आवाज चढत नसे. ज्यांच्या नळाचं पाणी मी तपासते, त्यांच्या गल्लीत माझाही नळ असावा, एवढंच मला हवंय.

तुम्ही यायच्या आत पाइप बदलून घ्यायचा प्रयत्न आहे. तोवर प्यायला आणि स्वयंपाकाला फिल्टरचंच पाणी. आई, बालाजीला शनिवारी गाडीनं नेईन. खालची खोली तुमच्यासाठी ठेवलीय, जिना चढायला नको.

तुमची,
मनू