ओठ न मिटणारी माणसं

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्या नव्या गेममधल्या पात्रांच्या चेहऱ्यांची सदोष हालचाल आणि ४,४९९ रुपयांचा परतावा

महोदय / महोदया,

हा गेम मी प्री-ऑर्डर करून घेतला, तो ट्रेलरमधल्या म्हाताऱ्या नावाड्याला भुलून. त्याचा खालचा ओठ थरथरतो, डोळ्यांत पाणी साचतं आणि मग तो बोलायला लागतो. प्रत्यक्ष गेममध्ये तोच नावाडी भेटला तेव्हा नुसता जबडा वरखाली करत होता. कळसूत्री बाहुली म्हणणार होतो, पण त्यात पिंगुळीच्या बाहुल्यांचा अपमान होईल.

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून कमी ऐकू येतं. कानाला मशीन आहे. त्यातून जे अर्धंमुर्धं येतं त्याला ती समोरच्याच्या ओठांची जोड देते. रविवारी आम्ही एकत्र खेळतो. कंट्रोलर माझ्या हातात, डोकं तिचं. विकताना तुम्ही 'सबटायटल्स उपलब्ध' असं लिहिलंत. ती फक्त मुख्य कथेला आहेत. बाजारातली, घाटावरची, खानावळीतली माणसं बोलतात तेव्हा पडद्यावर एक अक्षर उमटत नाही, आणि तपासाचे निम्मे धागेदोरे तर हीच माणसं देतात.

तिसऱ्या प्रकरणात दोरखंड विकणारी बाई म्हणते, "आस्क बॉब अबाउट द मॅप." हे वाक्य मी फोनवर चित्रित करून संथ गतीनं पाहिलं. बॉबमधले दोन 'ब', अबाउटमधला एक, मॅपचा 'म' आणि 'प'. पाच वेळा ओठ मिटायला हवेत, एकदाही मिटत नाहीत. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजनं, हे आम्हाला शाळेत बाईंनी ओठांवर बोट ठेवायला लावून शिकवलं होतं. तुमच्या कचेरीत कुणीतरी ओठ न मिटवता 'मामा' म्हणून दाखवावं. बहिणीनं दोनदा निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हिची आत्ताच दाढ काढलीय का? भूल उतरलेली दिसत नाही." पुढचा पाऊण तास आम्ही चुकीच्या माणसामागे फिरलो.

हा फक्त तिचा प्रश्न आहे असं समजू नका. मॅकगर्क आणि मॅक्डोनल्ड या संशोधकांनी १९७६ सालीच दाखवून दिलं, की आवाज 'बा'चा आणि ओठ 'गा'चे असले तर चांगलं ऐकू येणाऱ्यालाही बहुतेक वेळा 'दा' ऐकू येतं. म्हणजे ओठ चुकले की शब्दच बदलतो. मलाही तो बॉब पहिल्यांदा 'डॉग' वाटला होता.

हसण्याची तर बातच सोडा. मनापासून हसताना गाल वर चढतात, डोळ्यांखाली वळ्या पडतात. तुमच्या पात्रांचे फक्त ओठांचे कोपरे ताणले जातात, डोळे काचेच्या गोट्यांसारखे थिजलेले. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंची पद्धतशीर मांडणी १९७८ साली प्रसिद्ध केली आणि 'हाफ-लाइफ २' या गेमच्या चमूनं २००४ साली तिचाच आधार घेतला. २०११ च्या 'एल. ए. नॉयर' या गेममध्ये तर ३२ कॅमेऱ्यांनी नटांचे चेहरे टिपले होते, कारण समोरचा खोटं बोलतोय का, हे खेळणाऱ्यानं चेहऱ्यावरूनच ओळखायचं होतं. तुमच्याही गेममध्ये 'साक्षीदाराचा चेहरा वाचा' अशी सूचना येते. वाचायचं काय?

तासन् तासांचे संवाद हातानं ॲनिमेट करणं परवडत नाही, हे मला कळतं. पण आवाजावरून ओठ हलवणारी सॉफ्टवेअर आहेत. 'सायबरपंक २०७७' या गेमनं २०२० साली अनेक भाषांसाठी तसं केलं. तुमचंही काम सॉफ्टवेअरनंच केलेलं दिसतंय. ते नंतर कुणी डोळ्यांनी तपासलेलं दिसत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी तक्रार नोंदवली. उत्तर आलं: "ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा." ड्रायव्हर संगणकावर अपडेट करतात, मी कन्सोलवर खेळतो, तेही तक्रारीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

माझी मागणी अशी. सगळ्या पात्रांच्या संवादांना सबटायटल्स द्या आणि निदान ओष्ठ्य व्यंजनांना ओठ मिटतील असा दुरुस्तीचा पॅच काढा, त्याची तारीख लेखी कळवा. ते जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. त्यातला एक आठवडा उरलाय. नंतर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जाईन आणि ट्रेलर दिशाभूल करणारा असल्याची तक्रार करीन.

सोबत खरेदीची पावती, दोरखंडवालीची संथ गतीची चित्रफीत आणि ट्रेलरमधल्या नावाड्याचं छायाचित्र जोडलं आहे. उत्तर कृपया मेलवरच द्या. फोन बहुधा बहीणच उचलते, आणि तुमच्या माणसाचे ओठ तिला तिथंही दिसणार नाहीत.

आपला,
एक ग्राहक, नाशिक