व्याह्यांच्या पेन्शनचे पैसे काढण्याआधी

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

पेन्शन कंपनीच्या फॉर्मवर व्याह्यांनी सही करण्याआधी हे त्यांना वाचून दाखव. पंचावन्न उलटल्यावर तिकडे ब्रिटनमध्ये खासगी पेन्शनच्या खात्यातून पैसे काढता येतात आणि त्यातले 25 टक्के करमुक्त असतात, हे खरंच आहे. पण ते युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर आहेत, म्हणून कराच्या आधी क्रेडिटचा हिशोब करायला हवा.

सरकारी पेन्शनचं वय होईपर्यंत पेन्शनच्या खात्यात पडून असलेली रक्कम बचत म्हणून धरत नाहीत, मग ती कितीही असो. तीच बँकेत आली की बचत झाली. दोघांची बचत एकत्र मोजतात, त्यामुळे विहीणबाईंच्या खात्यात वळवून काही साधत नाही. 6,000 पौंडांपर्यंत कपात नाही. त्यापुढे दर 250 पौंडांमागे महिन्याला 4.35 पौंड कमी होतात, शेवटचे 250 अपुरे असले तरी पूर्ण धरतात. 16,000 च्या वर गेलं की क्रेडिट बंद, आणि त्यासोबत मिळणारी घरभाड्याची मदतही बंद.

समज, खात्यात 36,000 आहेत आणि घरात बचत 2,500. फक्त करमुक्त 9,000 काढले तर बचत 11,500 होते. सहा हजारांच्या वरचे 5,500 म्हणजे 250 चे 22 टप्पे, म्हणून महिन्याला 95.70 पौंड कमी. सगळंच काढलं तर क्रेडिट थांबतं, वर 27,000 करपात्र उत्पन्न ठरतं. शिवाय पहिल्या वेळी कंपनी बहुधा तात्पुरत्या कर-कोडने जास्त कर कापते आणि तो फॉर्म भरून परत मागावा लागतो. तेच गरजेपुरते 3,000 काढले तर बचत 5,500 राहते आणि क्रेडिटला धक्का लागत नाही.

दर महिन्याला ठरावीक रक्कम घेऊ, असंही त्यांच्या मनात येईल. ती बचत नव्हे, उत्पन्न धरली जाते. पगारातल्या दर पौंडामागे 55 पेन्स कापतात, पेन्शनच्या उत्पन्नात मात्र पौंडाला पौंड जातो. महिना 200 घेतले तर क्रेडिट 200 ने कमी, म्हणजे हाती काहीच उरत नाही.

पैसे काढून पुतण्याला दिले किंवा गावच्या घरासाठी पाठवले, तर क्रेडिट वाढवण्यासाठी मुद्दाम घालवले असं ठरवून ते त्यांच्याकडेच आहेत असं मानू शकतात. गावची जागा त्यांच्या नावावर असेल तर तिची किंमतही बचतीत येते, ती भारतात आहे म्हणून सुटत नाही. कर्ज फेडणं किंवा घरात लागणारी वस्तू वाजवी किमतीत घेणं चालतं. पावत्या मात्र जपून ठेवायला सांग, त्यांच्याशिवाय सिद्ध करणं फार अवघड जातं. पैसे खात्यात आले की युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये लगेच कळव. राहून गेलं तर जास्तीचे मिळालेले पैसे नंतर वसूल करतात, आणि तोवर ते खर्च झालेले असतात.

सरकारी पेन्शनचं वय, त्यांच्यासाठी 67, झालं की नियम उलटा फिरतो. मग खात्यात ठेवलेल्या रकमेतून जेवढी पेन्शन मिळू शकली असती तेवढं उत्पन्न धरतात, काढली नाही तरी. दोघंही त्या वयाचे झाल्यावर पेन्शन क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीच्या सरकारी मदतीत, 10,000 पर्यंत बचत सोडतात. त्यापुढच्या दर 500 मागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात, वरची मर्यादा नाही. पिपसारखे अपंगत्वाचे भत्ते या नियमांत येत नाहीत, त्यांना बचतीची अट नाही.

माझं मत विचारशील तर आता गरजेपुरतंच काढावं. पन्नाशीपुढच्यांना पेन्शन वाइज या सरकारी सेवेचं मार्गदर्शन मोफत मिळतं, त्याची वेळ घे. क्रेडिटबद्दलचे प्रश्न सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेला विचार. दोन्हीकडे पेन्शनचं ताजं स्टेटमेंट, दोघांची बँक खाती आणि क्रेडिटचा शेवटचा हिशोब सोबत असू दे. तोपर्यंत फॉर्म पाठवू नका.

तुझे बाबा